आप्पांचा दिग्दर्शक

तो दिग्दर्शक गेला, त्या आठवड्यात आमच्या सुरतेच्या मराठी मंडळाने घाईघाईने एक श्रद्धांजलीचा कार्यक्रम ठेवला आणि बोलायला मला बोलावलं. मी शाळेत मराठी शिकवायचे, आता निवृत्त आहे, आणि मंडळाच्या अंकात अधूनमधून सिनेमावर लिहिते, एवढंच माझं भांडवल. मी कॅमेऱ्याबद्दल बोलले. सावल्यांबद्दल, जिन्यांबद्दल बोलले. त्याच्या नायिका आरशासमोर उभ्या राहिल्या तरी स्वतःकडे का बघत नाहीत, याबद्दल बोलले. लोकांना आवडलं. चहाच्या वेळी बँकेतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी मला समजावून सांगितलं की रहस्यपटांचा खरा बादशहा तोच, बाकी सगळे नकलाकार. त्यावर मला बरंच बोलायचं होतं, पण त्यांचं लक्ष समोशाकडे होतं.

जे तिथे बोलले नाही ते इथे लिहिते आहे. या दिग्दर्शकाची रीत अशी होती की प्रेक्षकापासून तो काही लपवत नसे. खुनी कोण हे शेवटपर्यंत झाकून ठेवणं त्याला हलकं काम वाटत असावं. तो पहिल्या अर्ध्या तासातच सगळं दाखवून टाकायचा आणि मग ज्यांना ते माहीत नाही अशा माणसांना घरात मोकळं सोडायचा. घाबरायचं काम आपलं. मीही तसंच करते. माझ्या वडिलांना कॅन्सर झाला होता, आम्ही तो त्यांच्यापासून लपवला, आणि त्यांना तो पहिल्या दिवसापासून माहीत होता. हे वाचणाऱ्याला आता कळलं. आम्हाला तेव्हा कळलं नव्हतं.

वडिलांना आम्ही आप्पा म्हणायचो. तापीकाठच्या, खानदेशातल्या एका गावातून ते ऐन तारुण्यात सुरतेतल्या उधन्याला आले आणि कापडाच्या खात्यात लूम चालवायला लागले. खातं म्हणजे कारखाना, इथे सगळे तसंच म्हणतात. ज्याने लूमच्या खात्यात कधी पाऊल टाकलं नाही त्याला तिथला आवाज सांगून समजणार नाही. तिथे ओरडूनसुद्धा उपयोग नसतो. म्हणून कारीगर आवाज न काढता नुसते ओठ हलवतात, भुवयांची आणि हनुवटीची जोड देतात, आणि दोन रांगा पलीकडच्या माणसाशी घरच्या भांडणापासून शेठच्या स्वभावापर्यंत सगळं बोलून घेतात. अशी वर्षं काढता काढता आप्पांचे कान गेले. पण ते गेले हे आम्हाला फार उशिरा समजलं, कारण समोर बघून ते सगळं ओळखायचे. अहिराणी, मराठी, गुजराती, हिंदी, चारही भाषा ओठांवरून. पाठमोरं बोललं की मात्र काही नाही. आई चिडली की भिंतीकडे तोंड करून बोलायची. तो तिचा हक्क होता आणि आप्पांनी तो कधी हिरावून घेतला नाही.

कान गेल्यावर आप्पांचा सिनेमा सुटायला हवा होता, आणि बराचसा सुटलाच. गाणी गेली. संवादही अर्धेमुर्धे गेले, कारण आमचे नायक भावुक झाले की पाठ फिरवून खिडकीबाहेर बघत बोलतात, आणि आप्पांचा सिनेमा तिथेच बंद पडायचा. पण या एका माणसाच्या सिनेमात महत्त्वाचं असं कोणी काही बोलतच नसे. बोलायचे ते नोकर, शेजारी, पोलीस, आणि ते बोलायचे बिनकामाचं. खरी गोष्ट चाललेली असायची गप्प बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर. कॅमेरा त्या चेहऱ्यावरून हलायचा नाही. आप्पा पुढच्या रांगेत बसायचे आणि बाहेर पडल्यावर म्हणायचे, हा आपला मानूस शे. त्या दिग्दर्शकाने आयुष्यात खातं पाहिलं असेल असं मला वाटत नाही, पण आप्पांची खात्री होती.

त्याचा पहिला सिनेमा आप्पांनी उधन्यात पाहिला, वीजबंदीच्या सुट्टीला, जवळजवळ रिकाम्या थिएटरात. काळा-पांढरा, कोणी नावाजलेला नट नाही, चारपाच दिवसांत उतरला. त्यानंतर त्याला चांगले दिवस आले. रंग आले, मोठ्या नट्या आल्या, पोस्टरवर नायकाच्या वर याचं नाव यायला लागलं. मी कॉलेजात गेले तोवर त्याचे सिनेमे पडायला सुरुवात झाली होती. लोकांना मारामारी हवी होती आणि हा माणूस दाराच्या कडीवर हात ठेवलेल्या बाईला उभी करून ठेवायचा, दार काही उघडू द्यायचा नाही. मग त्याने टीव्हीवर एक मालिका केली, ती आम्ही घरी बघितली. मग बरीच वर्षं काहीच नाही. आणि मग, त्याला काम मिळेनासं झाल्यावर, सगळे त्याला गुरू म्हणायला लागले. महोत्सव, सत्कार, शाली. आपल्याकडे माणूस निरुपयोगी झाला की शाल मिळते. मी शाळेतून निवृत्त झाले तेव्हा मलाही मिळाली.

त्याच्या शिष्यांचे सिनेमे बघायला मी आप्पांना मल्टिप्लेक्समध्ये घेऊन जायचे. आजूबाजूची पोरं खुर्चीतून उडायची, मीही उडायचे, आणि आप्पा शांतपणे पॉपकॉर्न खात बसलेले. दार आपटण्याचा आवाज, व्हायोलिनची किंकाळी, काही म्हणजे काही त्यांच्यापर्यंत पोचत नव्हतं. अंधारात एक बाई चालते आहे एवढंच त्यांना दिसायचं. बाहेर येऊन ते विचारायचे, आते त्यामा घाबराजोगं काय व्हतं? आमच्या घरात ती चेष्टाच झाली होती. एखादा सिनेमा भारी आहे असं भाऊ म्हणाला की मी विचारायचे, आप्पा घाबरतील का? पण आप्पा चुकायचेसुद्धा, आणि दणकून चुकायचे. एका सिनेमात नायकाचा खून त्याच्या बायकोने केला असं त्यांनी आम्हाला पुष्कळ वर्षं सांगितलं होतं. मी तो आवाजासकट पाहिला तर बायको बिचारी शेवटपर्यंत निर्दोष. मी तसं सांगितल्यावर आप्पा म्हणाले, तिन्हा तोंडवर दखाये ना. पुढे वाद घालण्यात अर्थ नव्हता.

त्या वर्षी संक्रांतीनंतर आप्पांचा खोकला थांबेना. तपासण्या झाल्या आणि रिपोर्ट घेऊन आम्ही मोठ्या दवाखान्यात गेलो. आई, मी, आणि माझा धाकटा भाऊ, जो इच्छापोरला कंत्राटावर काम करतो आणि त्या दिवशी खाडा करून आला होता. डॉक्टरांनी आप्पांना बाहेर बसायला सांगितलं. आप्पा बाकावर बसले, आम्ही तिघं आत गेलो आणि भावाने दार लावून घेतलं. दार काचेचं होतं. आम्ही डॉक्टरांसमोर बसलो, म्हणजे दाराकडे आमच्या पाठी आणि डॉक्टरांचं तोंड. जन्मभर ज्या घराचा कारभार ओठांवर चालला त्या घरातल्या तिघांनी दार आवाज बाहेर जाऊ नये म्हणून लावलं. दुसऱ्या कोणी ही चूक केली असती तर मी समजू शकले असते. आमची ही चूक आजही मला समजत नाही.

डॉक्टर चांगले होते. त्यांनी फिल्म दिव्यावर लावली, बोट ठेवून दाखवलं, तो शब्द उच्चारला, आणि किती पसरलं आहे तेही स्पष्ट सांगितलं. मग आप्पांना सांगायचं का, असं गुजरातीत विचारलं, "दादाने कहेवानुं छे?"

आई म्हणाली, "नही, साहेब. त्यास्ले काही सांगू नका." आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "त्यास्ले सांगं ना, ते त्या आजच हातपाय गाळी देतीन."

मला ते पटलं नव्हतं. मी तसं म्हणायला तोंड उघडलं तर भावाने माझा हात दाबला. आईने पदराने डोळे पुसले, नीट पुसले, आणि दार उघडून बाहेर गेली तेव्हा ती हसत होती. फुफ्फुसात पाणी झालंय, औषधं घ्यायची, बरं वाटेल, असं तिने आप्पांना समोर उभं राहून सावकाश सांगितलं. आप्पांनी तिचं बोलणं शेवटपर्यंत पाहिलं. मग म्हणाले, "हा. चाला."

त्यानंतर बमरोली रोडवरच्या आमच्या त्या दोन खोल्यांत जे चाललं ते मला आजही आठवलं की राग येतो. कोणाचा ते सांगता येत नाही. केमोच्या सलाइनला आम्ही ताकदीचं सलाइन म्हणायचो. भाऊ गोळ्यांच्या पाकिटांवरची नावं ब्लेडने खरवडून काढायचा, जसं काही आप्पांना इंग्रजी वाचता येत होतं. केस गळायला लागले तेव्हा आई म्हणाली ही गरमी आहे, आणि दुसऱ्या दिवशी आप्पा स्वतःच न्हाव्याकडे जाऊन डोकं सफाचट करून आले, म्हणाले उन्हाळ्यात बरं. आईला हायसं वाटलं. ती मला स्वयंपाकघरात नेऊन कुजबुजली की दख, त्यास्ले काहीच समजनं नही. मी माझ्या घरून, नदीपलीकडून, एक दिवसाआड यायचे आणि आल्या आल्या तोंडावर हसू चढवायचे. ते हसू दुखायचं, गालांना खरंच दुखायचं. आई मात्र पहाटे उठल्यापासून ते लावून असायची. तिने त्या महिन्यांत आप्पांसमोर एकदाही तोंड पाडलं नाही. भिंतीकडे वळून बोलणंही तिने सोडून दिलं. मला वाटतं तिथेच आप्पांना तिची खरी भीती कळली असेल.

मला कळलं ते मे महिन्यातल्या एका दुपारी. आई भाजीला गेली होती आणि टीव्हीवर त्या दिग्दर्शकाचा एक जुना रंगीत सिनेमा लागला होता. मी आप्पांजवळ पलंगावर बसून बघत होते. त्यात एक प्रसंग आहे. नवरा परगावी गेला आहे असं बायको समजते आहे, आणि त्याचा कोट दाराआड लटकतो आहे, म्हणजे तो घरातच कुठेतरी आहे. तो कोट आपल्याला दिसतो, तिला दिसत नाही. ती गुणगुणत टेबल मांडते, ताट ठेवते, पेला ठेवते, फुलं नीट करते. ते सगळं इतकं सावकाश चालतं की बघणाऱ्याचा जीव जातो.

आप्पा पडद्याकडे बोट करून म्हणाले, "तिले माहित शे."

मी त्यांच्याकडे वळून, ओठ नीट दिसतील असं, म्हटलं, "नाही आप्पा, तिला माहीत नाही. तिने कोट पाहिलाच नाही."

"तिले माहित शे," ते पुन्हा म्हणाले. बहिऱ्या माणसाचा आवाज मोठा असतो. शेजारी ऐकू जाईल म्हणून मी दाराकडे बघितलं. "उगा गानं म्हनी ऱ्हायनी. तिले पहिलेपाईन माहित शे." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "माले बी माहित शे, बाई. मी दखं, डॉक्टर काय बोलना ते."

खरं सांगायचं तर पहिल्यांदा मला सुटल्यासारखं वाटलं, आणि लगेच रडू आलं. आप्पांनी मला रडू दिलं. मग म्हणाले, "तुन्ही मायले सांगू नको. ती मन्हासमोर हासस, तिले वाटस माले काही माहित नही. वाटू दे." मी हो म्हटलं. आई पिशवी घेऊन आली तेव्हा आम्ही दोघं सिनेमा बघत होतो आणि तिने विचारलं, कोण मेलं मग? त्या सिनेमात खरं तर बायकोला शेवटपर्यंत काहीच माहीत नसतं. मी तो नंतर पुन्हा पाहिला आहे. आप्पा त्याही वेळी चुकले होते.

आता माझी पंचाईत झाली. आईला वचन होतं आप्पांना न सांगण्याचं, आप्पांना वचन होतं आईला न सांगण्याचं, आणि दोघं माझ्यासमोर एकमेकांशी खोटं बोलायचे, मायेने, मन लावून. ती म्हणायची आज चेहऱ्यावर तेज आहे. ते म्हणायचे भूक चांगली लागते आहे, आणि तिची पाठ वळली की भाकरी माझ्या ताटात टाकायचे. सिनेमात ही जागा प्रेक्षकाची असते आणि प्रेक्षकाला निदान मध्यंतर मिळतं. मला रोज वाटायचं की यांचं पन्नास वर्षांचं आयुष्य असं संपू नये. एकदा तरी त्यांनी एकमेकांसमोर बसून म्हणावं की आता थोडे दिवस उरलेत. तिने विचारावं तुम्हाला काय हवं आहे. त्यांनी सांगावं.

त्यांना काय हवं होतं ते मला माहीत होतं. त्यांना कानबाईला गावी जायचं होतं. आमच्या खानदेशात श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई ही देवी घरोघरी बसते. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे भाऊबंदसुद्धा त्या दिवशी मूळ घरी जमतात. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने गहू मुठीने मोजून घेतात, लहान पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत, आणि त्याचे रोट करतात. ते रोट फक्त घरच्यांनी खायचे. सुरतेतून दर श्रावणात उधना स्टेशनवर नुसती झुंबड उडते ती यासाठी. आप्पांनी खात्यात असताना पगार बुडवला पण कानबाई बुडवली नाही. त्या वर्षी आषाढ लागल्यापासून ते काही ना काही निमित्त काढायला लागले. गावच्या घराची कौलं बघायला हवीत. मोठ्या भावाशी बांधाचं बोलायचं आहे. नव्या सदऱ्याचं कापड घेऊन ठेवा. खरं कारण ते सांगू शकत नव्हते, कारण सांगितलं असतं तर त्यांना माहीत आहे हे कळलं असतं.

आणि आई त्यांना गावी जाऊ देणार नव्हती, तेही त्याच कारणासाठी. गावच्या काकांना माझ्या भावाने फोनवर सगळं सांगून टाकलं होतं, म्हणजे गावभर झालंच होतं. तिथे कोणीतरी गळ्यात पडून रडणार, कोणीतरी विचारणार की डॉक्टरांनी किती दिवस सांगितलेत. आईने त्या महिन्यांत बांधलेलं सगळं एका दुपारात कोसळलं असतं. म्हणून ती गाडीची गर्दी काढायची, गावचं पाणी काढायची, डॉक्टरांनी प्रवासाला नाही म्हटलंय म्हणायची. डॉक्टरांनी असं काही म्हटलं नव्हतं. त्यांनी उलट मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की जे हवं ते करू द्या.

कानबाईच्या आधीच्या आठवड्यात काकांचा फोन आला, येताय का विचारायला. आईने तो आप्पांसमोरच घेतला. त्यास्नी मूठ धरी ठेवा, म्हणाली, पण यावर्षी जमणार नाही. फोन ठेवून ती आप्पांसमोर आली आणि हसून, ओठ नीट हलवत म्हणाली, "पुढला साले जाऊत. पुढला साले नक्की जाऊत."

आप्पांनी तिच्याकडे बघितलं. मग ते म्हणाले, "हा, पुढला साले. तव्हय नवा सदरा शिवसूत."

मला राहवलं नाही. मी त्या दोघांच्या मधे जाऊन उभी राहिले, आईकडे तोंड करून, आणि म्हटलं, "आई, बास कर. आप्पांना सगळं माहीत आहे. पहिल्या दिवसापासून माहीत आहे. त्यांनी डॉक्टरांचं बोलणं बघितलं होतं."

मी पाठमोरी होते, त्यामुळे मी काय बोलले ते आप्पांना दिसलं नाही. आईचं तोंड दिसलं. मलाही ते दिसलं, आणि त्याचं वर्णन मी करणार नाही. इतक्या महिन्यांनी त्या तोंडावर काहीच चढवलेलं नव्हतं. ती माझ्या खांद्यावरून आप्पांकडे बघत राहिली. मागून आप्पांचा मोठा आवाज आला, "जाऊ दे वं. चाल, गावले जाऊत."

आम्ही गेलो. नंदुरबारपर्यंत आप्पा खिडकीशी बसून होते आणि आई त्यांच्या शेजारी, पण एकमेकांशी बोलणं असं काही झालं नाही. ज्याची मी वाट बघत होते ते बोलणं गाडीत झालं नाही आणि गावीही झालं नाही. गावी आप्पा मात्र सुटले. ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला त्यांनी स्वतःच सांगितलं, त्या लूमच्या खात्यातल्या आवाजात, की माले कॅन्सर शे, आते थोडाच दिन शेतस. समोरचा रडायला लागला की त्यालाच धीर द्यायचे. त्यांच्या नावाची मूठ मोजली तेव्हा ते स्वतः हजर होते. रोटाचा घास त्यांनी सावकाश, खाली सांडू न देता खाल्ला. कानबाईला नदीवर पोचवायला सगळे निघाले तेव्हा काकांनी त्यांना मोटरसायकलवर मागे बसवून नेलं. मी त्यांना इतकं खूश क्वचित पाहिलं आहे. मला वाटलं, मी बरोबर केलं. आई आत माजघरात बसून होती. कोणी विचारलं तर म्हणायची, डोकं दुखतंय.

सुरतेला परतल्यावर पुढच्या सलाइनची तारीख आली आणि आप्पा उठेनात. मी म्हटलं, आप्पा, दवाखान्यात जायचं ना? ते म्हणाले नाही. मी समजावलं, भावाने समजावलं. औषधाने थोडा वेळ तरी मिळत होता, डॉक्टर तसं म्हणत होते. आप्पांनी ऐकून, म्हणजे बघून घेतलं, आणि म्हणाले, "तुन्ही माय हासे, म्हनीसन मी सुया टोची लिधात. आते ती बी हासत नही. मंग कसाले?" गोळ्याही त्यांनी बंद केल्या. वेदनेच्या तेवढ्या घ्यायचे. गणपती बसायच्या आत ते गेले. शेवटच्या दिवसांत आई त्यांचे पाय चेपत बसायची आणि दोघं गप्प असायचे, आणि मला कळायचं नाही की हेच ते बोलणं का.

त्याला आता काही वर्षं झाली. आई माझ्याकडे राहते. त्या दिवशी मी जे बोलले त्याबद्दल तिने कधी अवाक्षर काढलं नाही आणि मी ते तिने समजून घेतलं असं धरून चालले. मंडळातल्या भाषणाच्या आदल्या संध्याकाळी ती मेथी निवडत होती आणि मी टिपणं काढत होते. तिने विचारलं, उद्या काय बोलशी? मी म्हटलं, आप्पांबद्दल बोलणार आहे. त्यांना कसं सगळं माहीत होतं आणि आपण कसे फसलो ते सांगणार आहे. या दिग्दर्शकाचा सगळ्यात चांगला प्रेक्षक आपल्या घरात होता, ते सांगणार आहे.

आई मेथी निवडत राहिली. मग म्हणाली, "त्यास्ले माहित व्हतं, ते ऱ्हाऊ दे. पन रोज सकाळे उठीसन मन्हं तोंड दखेत ना, तव्हय त्यास्ले वाटे, डॉक्टरच चुकना व्हई. मी हासस म्हनजे काहीतरी आशा व्हई. त्या दिन त्यास्नी मन्हं तोंड दखं आनि सोडी दिधं."

तिचा आवाज चढला नव्हता. ती काड्या एका बाजूला आणि पानं एका बाजूला करत होती. मला रागच आला. मी म्हणाले की त्यांना गावी जायचं होतं, ते गेले, ते खूश होते, तू पाहिलं नाहीस का. ती म्हणाली, पाहिलं. मी म्हणाले, डॉक्टरांनी तसेही दिवस मोजलेलेच होते. ती म्हणाली, हो. मग माझ्याजवळचं सगळं संपलं आणि मी म्हटलं, "आई, ते तुझ्या तोंडाकडे बघून जगतायत हे मला काय माहीत?"

तिने पहिल्यांदा मान वर केली.

"तुलेच ते समदं माहित व्हतं," ती म्हणाली.